नर्सिंग होममध्ये सासूबाईंना लिफ्टने उचलताना एकच माणूस – चालतं का?

सायली_एडिसन

नमस्कार मंडळी. सासूबाई (वय ८१) सध्या इथे न्यू जर्सीत एका नर्सिंग होममध्ये आहेत. पक्षाघातानंतर उजवी बाजू जवळजवळ गेलेली आहे, उभं राहता येत नाही. पलंगावरून व्हीलचेअरवर नेताना लिफ्ट वापरतात. चाकांची, उंच दांड्याची, खाली झोळी अडकवून माणूस उचलायची. इथे सगळे तिला हॉयरच म्हणतात.

परवा मी नेहमीची वेळ सोडून गेले तर एकटीच सीएनए (नर्सच्या हाताखालची प्रशिक्षित मदतनीस) लिफ्ट चालवत होती. सासूबाई हवेत, पाय लोंबकळताहेत, आणि वळवताना नडगी पलंगाच्या कठड्यावर आपटली. आता तिथे काळंनिळं झालंय. विचारलं तर "आज माणसं कमी आहेत" एवढंच उत्तर. याआधी दोघीजणी असायच्या. मग नियम नक्की काय आहे? दोघी लागतातच, की ज्याची त्याची सोय?

तक्रार करावी तर सासूबाईंना रोज त्यांच्याच हाताखाली राहायचंय. नवरा म्हणतो, उगाच वाकड्यात नको शिरायला. मला ते पटत नाहीये. आणि अजून एक, ती झोळी त्यांच्या अंगाखाली दिवसभर तशीच असते, कोणी काढत नाही. हे बरोबर आहे का?

चिंगी

बापरे. वाचतेय. माझ्या आईवरही हीच वेळ येणार आहे असं दिसतंय.

मुक्ता_आरएन

सायली, आधी नडगीचं. त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात का? पक्षाघातानंतर बहुतेकांना असतात. घेत असतील तर आजच नर्सला दाखव आणि चार्टमध्ये नोंद झाली का ते विचार. डॉक्टरला दाखवावं लागेल इतपत दुखापत झाली तर घरच्यांना लगेच कळवणं नर्सिंग होमवर बंधनकारक असतं. तुझ्या नजरेला पडेपर्यंत थांबायचं नसतं.

आता नियम. "लिफ्टला दोन माणसं हवीतच" असं थेट वाक्य फेडरल (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) नियमांत नाही, त्यामुळे ते शोधत बसू नकोस. मी ओहायोमध्ये नर्सिंग होमलाच नोकरी करते, आमच्याकडेही नवीन आलेली मंडळी हाच वाद घालतात. नियम सांगतो ते इतकंच की अपघात टळतील एवढी देखरेख आणि साधनं प्रत्येक रहिवाशाला मिळाली पाहिजेत. ती किती, ते तीन ठिकाणी लिहिलेलं असतं: लिफ्टच्या कंपनीच्या पुस्तिकेत, त्या नर्सिंग होमच्या स्वतःच्या धोरणात आणि सासूबाईंच्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे त्यांच्या देखभालीच्या लेखी आराखड्यात. वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेचंही म्हणणं आहे की बहुतेक लिफ्टना दोन किंवा जास्त माणसं लागतात.

यातला केअर प्लॅन तुझ्या कामाचा. तो बघायला माग. नवरा अधिकृत प्रतिनिधी असेल तर त्याने मागावा, हक्क आहे तुमचा. त्यात "मेकॅनिकल लिफ्ट, दोन जणांची मदत" असं लिहिलं असेल आणि एकटीने उचललं असेल, तर तुझं म्हणणं "मला असं वाटतं" या पातळीवर राहत नाही. तपासणीला येणारे राज्याचे लोक नेमकी हीच तफावत बघतात, कागदावर एक आणि खोलीत दुसरं. आणि "एक जण" लिहिलं असेल तर ते कोणी, कशाच्या आधारावर ठरवलं ते विचार.

"तक्रार" हा शब्द वापरायची गरजही नाही. केअर प्लॅनची बैठक माग. तिमाहीला होतेच, पण तब्येतीत किंवा गरजेत फरक पडला असेल तर मध्येही घेता येते.

जुना_खोडकर

मला एक कळत नाही. माझ्या आजीला शेवटची चार वर्षं दोन मावश्या धरून उचलायच्या, एक काखेत हात घालून आणि एक पायाकडून. यंत्र नाही, झोळी नाही, बैठक नाही. आजी कधी पडली नाही. अमेरिकेत प्रत्येक गोष्टीचं यंत्र केलं की माणसाचा स्पर्श संपतो, हे कोणी बोलणार का?

फिजिओ_कोथरूड

खोडकरराव, आजी पडली नाही हे मान्य. मावश्यांच्या कमरेचं काय झालं, ते कोणी विचारलं का? माझ्या क्लिनिकमध्ये त्या मावश्याच येतात.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेत रुग्ण हाताने उचलण्याची सुरक्षित मर्यादा मोजली गेली, ती ३५ पौंड आहे. म्हणजे साधारण १६ किलो, तेही सगळं अनुकूल असेल तेव्हा. साठ किलोचा अर्धांग झालेला माणूस दोघींत वाटला तरी प्रत्येकीच्या वाट्याला तीस किलो. त्यात माणूस खोक्यासारखा नसतो. त्याला धरायला कड नसते, तो मध्येच आखडतो, घाबरून गळ्यात हात टाकतो. मावशी पलंगावर वाकलेली, कंबर पिळलेली. मणक्यातली चकती सरकायला आणखी काय हवं?

आणि काखेत हात घालून ओढणं तर मुळीच नको. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा बऱ्याचदा सैल झालेला असतो, तो निखळू शकतो. सायलीच्या सासूबाईंची उजवी बाजू गेलीय, त्यांना उजव्या काखेतून उचललं तर काय होईल ते मी लिहायला नको.

स्पर्शाचं म्हणाल तर लिफ्ट चालवताना दुसरी व्यक्ती मोकळी असते. ती हात धरते, पाय सांभाळते, बोलते. दोघीही ओझ्याखाली असताना कोण बोलणार?

हेमा_सीएनए

मी न्यू जर्सीतच सीएनए आहे, पन्नाशीनंतर हे काम धरलं. तेव्हा दुसरी बाजू ऐका.

सकाळी सहा ते नऊ या वेळात माझ्याकडे दहा-बारा जण उठवायला असतात. त्यातले चार-पाच लिफ्टचे. मजल्यावर दोन लिफ्ट, एकीची बॅटरी कोणी चार्जिंगला लावलेली नसते. योग्य मापाची झोळी लाँड्रीत. जोडीदारीण दुसऱ्या खोलीत, तिथून घंटा वाजतेय. नाश्त्याला उशीर झाला की नर्स ओरडणार, जेवण गार झालं की घरचे ओरडणार. अशा वेळी पोरी एकट्याने उचलतात. ते चूकच आहे, पण ती सीएनए वाईट आहे म्हणून नाही. तिला जाऊन बोलशील तर काही बदलणार नाही, उद्या दुसरी असेल. बोलायचं ते डायरेक्टर ऑफ नर्सिंगशी.

आमचं प्रशिक्षण फेडरल हिशेबाने कमीत कमी ७५ तासांचं, राज्यं वाढवतात. त्यात आंघोळीपासून रक्तदाबापर्यंत सगळं. लिफ्टवर प्रत्यक्ष हात किती बसणार?

न्यू जर्सीत २००८ चा कायदा आहे, रुग्ण सुरक्षितपणे हाताळण्याचा, आणि तो नर्सिंग होमनाही लागू आहे. धोकादायक पद्धतीने उचलायला कर्मचारी नाही म्हणू शकतो आणि त्यासाठी त्याला शिक्षा करता येत नाही. मी त्याचा आधार घेऊन एकदा नाही म्हटलं होतं. त्या दिवशी सुपरवायझर स्वतः आली दुसऱ्या टोकाला उभी राहायला.

माणसं कमी हे खरं दुखणं. किमान मनुष्यबळाचा फेडरल नियम २०२४ मध्ये आला आणि २०२५ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने रद्दही केला.

सायली_एडिसन

हेमाताई, मनापासून आभार. त्या मुलीवर राग नव्हताच, ती स्वतःच घामाघूम झाली होती. मुक्ता, हो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. नर्सला दाखवलं, तिने माप घेऊन नोंद केली. बैठकीची मागणी ईमेलने पाठवली आहे.

खोलीत उभी असताना मी नक्की काय बघायचं? मला झोळी आणि पट्ट्यांतलं काही कळत नाही.

मुक्ता_आरएन

मोटार बिघडून माणूस पडला असं मी अजून पाहिलेलं नाही. पडतात ते झोळीमुळे. म्हणून नजर तिथे ठेव.

माप सर्वांत महत्त्वाचं. झोळी मोठी झाली की माणूस खालून घसरतो, लहान झाली की मांड्यांना काचते आणि पुढे कलंडतो. खालची कड माकडहाडाशी आणि वरची खांद्यापर्यंत, मान सावरत नसेल तर डोक्याच्या वरपर्यंत. शौचाला नेताना वापरतात ती मागून उघडी, आखूड झोळी वेगळी असते. धड सावरता येणाऱ्यांसाठीच ती ठीक. सासूबाईंना त्यात बसवलेलं दिसलं तर थांबवून विचार.

मग लूप. प्रत्येक पट्ट्याला दोन-तीन रंगांचे लूप असतात. डावीकडे जो रंग तोच उजवीकडे, नाहीतर माणूस एका कुशीवर लटकतो. खांद्याला आखूड लूप घेतला तर बसती स्थिती येते, लांब घेतला तर आडवी. कोणता रंग कशासाठी, ते कंपनीगणिक बदलतं. म्हणूनच एका कंपनीची झोळी दुसऱ्या कंपनीच्या लिफ्टला लावायची नाही, जोवर दोन्ही जुळतात असं कंपनीनेच लिहून दिलेलं नाही. मांड्यांखालचे पट्टे दोन पायांच्या मधून आणून एकमेकांत ओवायचे, म्हणजे माणूस मधून निसटत नाही.

उचलताना गादीपासून दोन-चार इंच वर आलं की थांबायचं. सगळे लूप आकड्यात नीट बसलेत का, हात झोळीच्या आत आहेत का, लघवीची पिशवी किंवा ऑक्सिजनची नळी कुठे अडकली नाही ना, हे बघायचं आणि मगच पुढे. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हाच थांबा सोन्याचा, आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. सायली, तुझ्या सासूबाईंची नडगी आपटली कारण पाय धरायला कोणी नव्हतं. दुसरी व्यक्ती त्याचसाठी असते: एकीच्या हातात रिमोट आणि दांडा, दुसरीचे दोन्ही हात माणसावर.

लिफ्टचे खालचे पाय माणूस हवेत असताना पूर्ण फाकवलेले हवेत. पलंगाखाली शिरवायला मिटावे लागले तर बाहेर येताच पुन्हा उघडायचे. व्हीलचेअरचे आणि पलंगाचे ब्रेक लावलेले. लिफ्टचे मात्र बहुतेक पुस्तिकांप्रमाणे उचलताना मोकळे, म्हणजे वजनाखाली ती स्वतःचा तोल शोधते. याची गल्लत फार होते.

आणि लिफ्ट ही वाहन नाही. पलंगापाशी खुर्ची आणायची, माणसाला लटकवून कॉरिडॉरमधून न्यायचं नाही.

बर्मिंगहॅमकर

इथे इंग्लंडमध्ये हिला हॉइस्ट म्हणतात. मी केअर होममध्ये सीनियर केअरर आहे. आमच्याकडे १९९८ चा लोलर नावाचा कायदा आहे. माणसं उचलणाऱ्या प्रत्येक उपकरणाची सक्षम तज्ज्ञाकडून दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी झालीच पाहिजे, आणि त्यात स्लिंगही (तुमच्या झोळ्या) धरल्या जातात. लोकांना वाटतं यंत्र तपासलं की झालं.

प्रत्येक स्लिंगवर लेबल असतं: माप, कमाल वजन, धुण्याच्या सूचना, क्रमांक. लेबल वाचता येत नसेल तर ती स्लिंग बाद. शिवण उसवलेली, पट्टा कडक किंवा विरलेला, तरी बाद. ब्लीचमध्ये धुतलेली स्लिंग वरून पांढरीस्वच्छ दिसते आणि आतून धागा कमजोर झालेला असतो. लिफ्टची वजनमर्यादा एक आणि स्लिंगची दुसरी असेल तर जी कमी ती खरी. सायलीताई, पुढच्या वेळी फक्त ते लेबल बघा. त्या जागेची शिस्त कळेल.

चिंगी

अवांतर प्रश्न. माझी लेक १७ वर्षांची, हायस्कूलमधून सीएनएचा कोर्स करतेय. तिला लिफ्ट चालवू देतील का?

हेमा_सीएनए

एकटीला नाही. विजेवर चालणारी लिफ्ट अठराच्या आतल्यांनी चालवू नये असा अमेरिकेच्या कामगार खात्याचा नियम आहे. २०११ पासून १६-१७ वर्षांच्यांना प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ व्यक्तीबरोबर मदतनीस म्हणून, काही अटींवर चालतं. कोणी "जरा धर गं" म्हणून एकटीला पाठवलं तर नाही म्हणायला आत्तापासून शिकव.

नगरची_सून

मी पुण्यात सासऱ्यांसाठी घरीच पेशंट लिफ्ट घेतली आहे, तेव्हा आमचे भोग सांगते. लिफ्ट आली आणि कळलं की आमचा पलंग बॉक्सचा, खाली जागाच नाही! लिफ्टचे पाय आत जाणार कुठे? पलंग बदलावा लागला. विकणाऱ्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. घेणाऱ्यांनी आधी पलंगाखालची जागा मोजा, चार-पाच इंच तरी मोकळी हवी. बाथरूमचा उंबरठा वेगळाच, तिथे लिफ्ट नेतच नाही आम्ही.

ब्युरोची मावशी दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. प्रत्येकीला नव्याने शिकवायचं. पहिल्या दिवशी मी स्वतः झोळीत बसते आणि तिला मला उचलायला लावते. मग ती पण बसते. हवेत गेल्यावर किती असहाय वाटतं ते एकदा कळलं की पुढे घाई करत नाही.

सासूबाई लुगडं किंवा साडी नेसत असतील तर मांड्यांमधून पट्टे नीट जात नाहीत, गोळा होतं आणि माणूस घसरतो. माझ्या आईच्या वेळी गाऊनवर आणायला महिना गेला होता. "परक्यासमोर गाऊनमध्ये?" शेवटी मांडीवर एक जुनी सुती साडी पांघरून द्यायचो, तेव्हा ऐकली.

सायली_एडिसन

गाऊनच आहे, पण तो सॅटिनसारखा गुळगुळीत आहे! हे डोक्यातच आलं नव्हतं. सुती घेऊन जाते.

फिजिओ_कोथरूड

अजून एक भर. सायली, त्यांच्याकडे दुसऱ्या प्रकारची लिफ्टही असेल, उभं करणारी. पाठीमागून पट्टा, गुडघ्यांना आधार, पुढे धरायला दांडे. कधीतरी "आता बऱ्या आहेत, यावर घेऊ" असं कोणी म्हणेल. त्यासाठी किमान एका पायावर वजन पेलता यायला हवं, दांडा धरता यायला हवा आणि सूचना समजून पाळता यायला हव्यात. सकाळी जमतं आणि संध्याकाळी थकल्यावर जमत नाही असंही होतं. हा निर्णय तिथल्या थेरपिस्टने तपासून केअर प्लॅनमध्ये बदलायचा असतो, ड्यूटीवरच्या मुलीने दाराशी उभं राहून नाही.

जुना_खोडकर

फिजिओताई, तुमचं १६ किलोचं गणित माझ्या बायकोने वाचलं. तिच्या वडिलांना उचलायला माझी नेमणूक होती, ती आता रद्द झाली आहे. लिफ्ट भाड्याने कुठे मिळेल ते व्यनि करा. (पलंग बॉक्सचाच आहे.)

सायली_एडिसन

बैठक झाली. थोडक्यात लिहिते.

केअर प्लॅनमध्ये "दोन जणांची मदत" असंच लिहिलं होतं, पहिल्यापासून. मी वाद घातलाच नाही, ते पान पुढे केलं आणि विचारलं की संध्याकाळच्या पाळीला दुसरी व्यक्ती कुठून येणार. उत्तर लगेच नव्हतं. शेवटी ठरलं की दुसरी मिळेपर्यंत सासूबाई पलंगातच थांबतील, जेवण तिथे देतील. मला हे चालेल, उशीर चालेल.

झोळी मोठ्या मापाची निघाली. आल्या तेव्हाचं वजन धरून दिली होती, त्यानंतर त्या बऱ्याच वाळल्या. नवी मागवणार आहेत. नडगी उतरतेय.

सासूबाई हवेत गेल्या की दांडा पकडायला हात टाकतात, हे स्टाफने सांगितलं. इंग्रजी कळत नाही, तर घाबरणारच. म्हणून मी एक कार्ड करून लिफ्टला लावलंय, इंग्रजी अक्षरांत मराठी: "आता वर", "हात छातीवर", "घाबरू नका", "झालं, बसलात". घानाची एक सीएनए आहे, ती "घाबरू नका" इतकं ठासून म्हणते की सासूबाई आधी दचकतात आणि मग हसतात.

सूड घेतील ही भीती होती, तसं काही जाणवलं नाही. सोशल वर्करने आपणहून ओम्बड्समनचा, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, नंबर दिला. तो लॉबीत लावलेलाच होता, मी रोज त्याच्यासमोरून जात होते म्हणे.

दिवसभर झोळीवर बसण्याबद्दल मात्र गोलमोल बोलले.

मुक्ता_आरएन

त्यात खरंच दोन बाजू आहेत. काही झोळ्या अंगाखाली ठेवण्यासाठीच बनवतात, पातळ, हवा खेळती राहणाऱ्या. तसं कंपनीने लिहिलेलं असतं. साध्या झोळीच्या शिवणी आणि घड्या मात्र माकडहाडाला रुततात, आणि व्हीलचेअरवर दाब कमी करणारी खास उशी असेल तर तिचा उपयोग मारला जातो. उलट, दर वेळी काढायची-घालायची म्हणजे नाजूक कातडी दोनदा घासली जाते आणि अर्धांग झालेल्या माणसाला खुर्चीत पुढे वाकवावं लागतं. म्हणून सरसकट उत्तर नाही.

तू एवढं विचार: ही झोळी खाली ठेवायची आहे का, आणि जखमा बघणाऱ्या नर्सने तसं लिहून दिलंय का. नवी येतेच आहे, तर हा प्रश्न मागवायच्या आधी विचार. रात्री झोपवताना माकडहाडाजवळ लालसर डाग दिसतो का आणि बोट दाबल्यावर तो फिका होतो का, हे बघायला सांग. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतंय का ते बघायचं.

सायली_एडिसन

नवीची ऑर्डर अजून गेलेली नाही. उद्या सकाळीच फोन करते.